उषा मेहता : बेचाळीसच्या गुप्त रेडिओची निवेदिका



९ ऑगस्टचा क्रांतिदिन आणि ९ सप्टेंबरचा नंदुरबारचा शिरीषकुमार स्मृतिदिन, या दोन तारखांच्या मधल्या महिन्यात आपल्या खानदेशातल्या शाळांमध्ये बेचाळीसच्या चळवळीवर भरपूर भाषणं होतात. मुलं पाठ करून येतात, हातवारे करतात, टाळ्या मिळतात. शिरीषकुमार आपला म्हणून त्याच्याबद्दल सगळेच बोलतात आणि बोलावंच. पण त्याच महिन्यात मुंबईत २२ वर्षांची एक मुलगी रोज संध्याकाळी एका बंद खोलीत माइकसमोर बसत होती. तिच्याबद्दल शालेय पुस्तकांत दोन-तीन ओळी असतात. मुलं त्या वाचतात, 'आझाद रेडिओ' या शब्दाखाली रेघ मारतात आणि पुढे जातात. २०२४ साली तिच्यावर हिंदी सिनेमा आला, त्यामुळे काही मुलांना नाव तरी माहीत झालं. सिनेमात मात्र धावपळ जास्त दिसते. ती खोलीत बसून नेमकं काय करत होती, हे मुलांना समजावून सांगायचं तर आपल्यालाच थोडं खोलात जावं लागेल. म्हणून आजचा हा पाठ उषा मेहता यांच्यावर.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. नकाशा घ्या आणि मुलांना सुरत दाखवा. आपली तापी भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून वाहत जाऊन शेवटी सुरतेलाच समुद्राला मिळते. म्हणजे ही मुलगी आपल्याच नदीच्या मुखाजवळची. शिरीषकुमारचं आडनावही मेहताच, घरची भाषाही गुजरातीच. दोघांचं काही नातं नव्हतं, पण वर्गात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. घरात शिस्त, पुस्तकं आणि सरकारी नोकरीमुळे आलेली एक अडचण : चळवळीत उघडपणे पडायचं नाही. पण उषाने पाचेक वर्षांची असतानाच गांधीजींना पाहिलं होतं. त्यांचं शिबिर गावाजवळ भरलं होतं आणि तिथे तिने थोडं सूतही कातलं. १९२८ साली, आठव्या वर्षी, ती सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात होती. त्या काळच्या मुलांच्या मोर्च्यांची एक हकिकत मुलांना जरूर सांगा. झेंडा धरलेली एक मुलगी पोलिसांच्या लाठीहल्ल्यात झेंड्यासकट खाली पडली. मुलांनी मोठ्यांकडे तक्रार केली आणि मोठ्यांनी त्यांना झेंड्याच्या रंगांचे कपडेच शिवून दिले. आता झेंडा हातातून पडायचा प्रश्नच नाही, चालणारी मुलंच झेंडा! माझ्या मते पुढच्या रेडिओची कल्पना इथूनच समजायला लागते. एक साधन हिसकावलं गेलं, तर ज्याला हातच घालता येणार नाही असं दुसरं साधन शोधायचं, ही युक्ती या मुलीने लहानपणीच पाहिली होती.

वडील १९३० साली निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. आता वडिलांच्या नोकरीचं बंधन उरलं नाही. उषा निरोप पोचवू लागली, पत्रकं वाटू लागली, तुरुंगातल्या लोकांच्या घरच्यांना भेटू लागली. शिक्षणही चालूच होतं. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान विषय घेऊन तिने १९३९ मध्ये पदवी घेतली आणि मग कायद्याच्या अभ्यासाला लागली.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आतच गांधीजींसह सगळे मोठे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर आधीच सेन्सॉर होता. रेडिओ म्हणजे ऑल इंडिया रेडिओ, तो सरकारचाच. आता जरा विचार करा. चिमूरला, आष्टीला गोळीबार होतो, नंदुरबारला शाळकरी पोरं पडतात, आणि शेजारच्या जिल्ह्यालासुद्धा त्याची खरी बातमी कळत नाही. कळते ती अफवा. चळवळ बंदुकीने जितकी मोडते, त्याहून जास्त ती असल्या अंधाराने मोडते. उषा आणि तिच्या मित्रांना हे फार लवकर कळलं. आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र काढायचं, असं त्यांनी ऑगस्टच्या मध्यालाच ठरवलं.

ठरवणं सोपं, करणं महाकठीण. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हाच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने काढून घेतले होते. प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, घरात सापडणं हाच गुन्हा. या कामात उषेबरोबर विठ्ठलदास खाकर (सगळे त्यांना बाबूभाई म्हणत), विठ्ठलभाई जव्हेरी आणि चंद्रकांत जव्हेरी होते. सुटे भाग आणि यंत्रं यांसाठी मदत झाली ती शिकागो रेडिओ या कंपनीच्या नानिक मोटवानी यांची. नाव शिकागो असलं तरी कंपनी आपल्या मुंबईचीच. त्या काळात काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांना आणि अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणारी म्हणून ती प्रसिद्ध होती. एका जाणकार तंत्रज्ञाने प्रक्षेपक जुळवून दिला. पुढे राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन या भूमिगत पुढाऱ्यांना या केंद्राचा पत्ता लागला आणि ते त्याचे पाठीराखे झाले.

२७ ऑगस्ट १९४२, गुरुवार. ४२.३४ मीटर या तरंगलांबीवर पहिलं प्रसारण झालं. उषेच्या आवाजात केंद्राचं नाव सांगितलं गेलं, काँग्रेस रेडिओ. तरंगलांबी सांगितली, आणि पत्ता म्हणून एवढंच की हे केंद्र भारतात कुठेतरी आहे. पुस्तकांत 'आझाद रेडिओ' असं नाव असलं, तरी हवेवर त्याने स्वतःची ओळख काँग्रेस रेडिओ अशीच करून दिली, हे मुलांना सांगायला हरकत नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहू द्या!

इथे विज्ञानाच्या शिक्षकांनी तास मागून घ्यावा. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर, आणि रेडिओलहरींचाही तोच. ३० कोटीला ४२.३४ ने भागलं की सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार कंपनं येतात, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आता आपलं जळगाव आकाशवाणी घ्या. ते ९६३ किलोहर्ट्झवर लागतं. उलटा भागाकार केला की तरंगलांबी जवळजवळ ३११ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून जाते, म्हणून जळगावचं केंद्र चाळीसगाव, चोपड्याच्या शेतात नीट ऐकू येतं. ४२ मीटरची आखूड लहर वर आयनांबराला आपटून परत खाली येते, म्हणून लहानसं यंत्रसुद्धा शेकडो किलोमीटरवर ऐकू जाऊ शकतं, विशेषतः संध्याकाळनंतर. बेचाळीसच्या पोरांनी लघुलहरी आणि संध्याकाळची वेळ धरली ती उगाच नाही.

आता त्या खोलीकडे वळू. त्यासाठी आधी नेहमीच्या प्रसारण कक्षात काय असतं ते पाहू या. तुमच्यापैकी ज्यांनी मुलांची सहल आकाशवाणी केंद्रावर नेली असेल, त्यांनी पाहिलंच असेल. दाराबाहेर लाल दिवा. तो लागला की आत माइक चालू आहे, दार उघडायचं नाही. आत उद्घोषकासमोर एक उतरतं टेबल, त्यावर सरकपट्ट्यांची किंवा गोल खुंट्यांची रांग. हाच कन्सोल. प्रत्येक पट्टी, म्हणजे फेडर, एकेका आवाजाची : एक माइकची, एक-दोन रेकॉर्ड किंवा आता संगणकाची, एक बाहेरून येणाऱ्या बातम्यांची. पट्टी वर केली की तो आवाज हवेवर जातो, खाली आणली की थांबतो. शेजारी काटा हलणारं मीटर असतं. आवाज फार वाढला की काटा लाल भागात जातो आणि ऐकणाऱ्याला आवाज फाटल्यासारखा येतो. फार कमी झाला तर खरखरीत बुडतो. कानाला हेडफोन असतो, त्यात पुढचं गाणं हवेवर न सोडता आधी ऐकून त्याची सुरुवात नेमकी धरून ठेवायची. याला क्यू लावणं म्हणतात. एका हाताने गाण्याची पट्टी खाली आणत दुसऱ्या हाताने माइकची वर घ्यायची, घड्याळावर डोळा ठेवायचा, आणि बोलणं असं की जणू दुसरं काही कामच नाही! थेट प्रसारणात खोडरबर नसतं. तोंडातून गेलं ते गेलं.

ही पट्टी कुणाच्या हातात आहे, यालाही इतिहास आहे बरं का. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई आकाशवाणीवर मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर थेट गात होते. गाता गाता त्यांनी वंदे मातरम् सुरू केलं आणि केंद्राचे अधिकारी बुखारी यांनी प्रसारण तिथल्या तिथे तोडलं. मास्तर गात राहिले तरी ऐकणाऱ्यांच्या घरात शांतता. मास्तरांनी मग आकाशवाणीवर बहिष्कार घातला. एक खटका खाली, आणि गाणं गायब. उषाबेनच्या खोलीत तो खटका सरकारच्या हातात नव्हता.

त्या खोलीत अर्थात असला सजवलेला कन्सोल नव्हता. माइक, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, प्रक्षेपक आणि एरियल, एवढ्यावर काम. तेव्हाची यंत्रं व्हॉल्व्हवर चालायची. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्या आजोबा-आजींना मुलांनी विचारावं. बटण दाबलं की लगेच आवाज येत नसे, आतले दिवे तापेपर्यंत थांबावं लागे. म्हणजे ठरलेल्या वेळेआधी येऊन यंत्र तापवणं आलंच. सुरुवातीला 'हिंदोस्ताँ हमारा'ची रेकॉर्ड, मग बातम्या आणि भाषणं, शेवटी वंदे मातरम्. तेव्हाची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरायची आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची. म्हणजे लांब भाषण तबकडीवर असेल तर बाजू उलटणं, दुसरी तबकडी चढवणं, सुई अलगद टेकवणं हे सगळं आलं, आणि तेही कान दाराकडे ठेवून.

त्यांनी एक मोठी हुशारी केली होती. ध्वनिमुद्रण एका जागी करायचं आणि प्रसारण दुसऱ्या जागी. त्यामुळे भाषण करणारे भूमिगत पुढारी आणि हवेवर असलेलं यंत्र एकाच वेळी पोलिसांच्या हाती लागायची भीती कमी झाली. बोलणाऱ्यांत उषाबेन, लोहिया, अच्युतराव, मोइनुद्दीन हॅरिस, कुमी दस्तूर अशी मंडळी होती. भाषा इंग्रजी आणि हिंदुस्थानी.

बातम्या यायच्या त्या माणसांकरवी. निरनिराळ्या प्रांतांतून निरोपे यायचे, मुंबईतल्या काँग्रेसच्या गुप्त कचेरीतून मजकूर यायचा. चितगावावरच्या बॉम्बहल्ल्याची बातमी, जमशेदपूरच्या संपाची बातमी, आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिकत काँग्रेस रेडिओने दिली. वर्तमानपत्रं ज्याला हात लावायला घाबरत, ते इथे सांगितलं जाई. या ठिकाणी जरा थांबून मुलांना विचारा : तुम्ही त्या खोलीत असता आणि कुणी धापा टाकत येऊन एक भयंकर बातमी सांगितली असती, तर लगेच माइकवर सांगितली असती का? खोटी निघाली तर? सरकार तर वाटच पाहत होतं की हे लोक खोटं बोलतायत असं म्हणता यावं. व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे ढकलण्याच्या आजच्या सवयीबद्दल वेगळा तास घ्यायची गरज पडणार नाही.

पोलीसही गप्प बसले नव्हते. ते प्रसारण रोज ऐकत होते, लिहून घेत होते आणि केंद्र शोधणारी गाडी शहरात फिरवत होते. ही गाडी काम कशी करते? वर्गात करून दाखवता येतं. वळणारा एरियल फिरवला की एका दिशेला आवाज सर्वांत मोठा किंवा सर्वांत बारीक होतो, त्यावरून दिशा कळते. फळ्यावर शहराचा नकाशा काढा. एका कोपऱ्यातून त्या दिशेने रेघ ओढा, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे केंद्र. भूमितीतला छेदनबिंदू! पण रेघा ओढायला वेळ लागतो आणि केंद्र त्याच जागी राहावं लागतं. म्हणून उषाबेन आणि मंडळी प्रसारण थोडकं ठेवत आणि जागा बदलत राहत. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगाव अशी त्यांची बिऱ्हाडं हलत राहिली. कुणाच्या नावावर खोली घ्यायची, सामान काय म्हणून न्यायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, सगळं नव्याने. संसार मांडून मोडणं काय असतं ते बदली होणाऱ्या आपल्या शिक्षकांना ठाऊक आहे. इथे तर तीन महिन्यांच्या आत ते कितीदा तरी झालं, आणि प्रत्येक वेळी संध्याकाळपर्यंत यंत्र पुन्हा जुळवून हवेवर यायचं.

याच दिवसांत, ९ सप्टेंबरला, नंदुरबारला मिरवणुकीवर गोळीबार झाला. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्यात. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हेही गेले. तारखांची एक पट्टी करून वर्गात लावली तर मुलांना बेचाळीस साल एकदम जवळचं वाटतं : ८ ऑगस्ट गवालिया टँक, २७ ऑगस्ट पहिलं प्रसारण, ९ सप्टेंबर नंदुरबार, १२ नोव्हेंबर शेवटचं प्रसारण. त्यापुढे १४ एप्रिल १९४४ लिहा, धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला तो दिवस. मुंबईची बंद खोली आणि आपल्या गावची धुळीची वाट एकाच पट्टीवर येतात.

शेवटी केंद्र सापडलं ते छेदनबिंदूने नव्हे, तर घरभेद्यामुळे. ज्या तंत्रज्ञाच्या हातांनी यंत्र जुळलं होतं, तोच पोलिसांना फितूर झाला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी आधी बाबूभाईंच्या कचेरीवर धाड घातली. उषाबेनना सुगावा लागला. त्या तिथून निसटून ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या आणि लोहिया वगैरे मंडळींना सावध केलं. आता प्रश्न होता त्या संध्याकाळच्या प्रसारणाचा. बंद ठेवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण प्रसारण करायचं ठरलं, आणि उषाबेन व चंद्रकांत जव्हेरी गिरगावातल्या परेखवाडीतल्या खोलीत गेले. दारं आतून लावली. कार्यक्रम नेहमीसारखा झाला. शेवटची रेकॉर्ड लावली, वंदे मातरम्, आणि बाहेर दारं तोडल्याचे आवाज सुरू झाले. एकामागून एक तीन दारं फोडून पोलीस आत आले तेव्हा तबकडी फिरतच होती. रेकॉर्ड बंद करायचा हुकूम झाला. उषाबेननी ती बंद केली नाही. उलट राष्ट्रगीत चालू आहे, ताठ उभे राहा, असं त्यांनी पोलिसांनाच सुनावलं.

२७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर, दोन्ही गुरुवार. मोजून ७८ दिवस चालला हा रेडिओ.

पोलिसांनी यंत्रं तर नेलीच, शिवाय काँग्रेस अधिवेशनांच्या ध्वनिफिती आणि छायाचित्रांच्या २२ पेट्याही जप्त केल्या. मग सुरू झाली चौकशी. कित्येक महिने. एकान्तवास, दमदाटी, आणि मध्येच गोड बोलणंही : सोबत्यांची नावं सांगा, परदेशी शिकायला पाठवू. उषाबेन बोलल्याच नाहीत. खटल्यात न्यायाधीशांना त्यांनी एवढंच विचारलं की प्रश्नांची उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही. अडीच महिने जिचं काम बोलणं हेच होतं, तिने इथे तोंड मिटून घेतलं. वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेताना हा प्रसंग मी मुलांना मुद्दाम सांगते. भाषण कुठे थांबवायचं तेही शिकावं लागतं ना.

निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांत जव्हेरींना एक वर्ष. विठ्ठलभाई जव्हेरी आणि नानिक मोटवानी निर्दोष सुटले. उषाबेनना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवलं. तिथे त्यांची तब्येत ढासळली, उपचारासाठी मुंबईला आणावं लागलं, बरं वाटल्यावर पुन्हा येरवडा. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या हुकमाने त्या सुटल्या.

तब्येत इतकी खालावली होती की राजकारणात उतरणं जमलं नाही. त्या आपल्याच पेशाकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात शिकवलं, मग विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात प्राध्यापक आणि प्रमुख झाल्या. १९८० मध्ये निवृत्त झाल्या. म्हणजे रेडिओ ७८ दिवसांचा आणि शिक्षकी तीस वर्षांची! सिनेमावाल्यांना ७८ दिवस पुरले, आपल्यासारख्यांना मात्र त्या तीस वर्षांची चौकशी करावीशी वाटते. मणिभवन या गांधीजींच्या मुंबईतल्या वास्तूशी त्यांचा शेवटपर्यंत संबंध राहिला. खादी, साधी राहणी, शिकवणं आणि लिहिणं. १९९८ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं.

आता हा पाठ वर्गात कसा घ्यायचा याबद्दल थोडं. आपल्या बहुतेक शाळांत परिपाठाला माइक, अॅम्प्लिफायर आणि एक-दोन स्पीकर असतातच, निदान भोंगा तरी असतो. आठवडाभर परिपाठ 'रेडिओ' म्हणून करा. बोलणारी मुलं वर्गात बसतील, स्पीकर मैदानात. समोर श्रोते नकोत, कारण चेहरे दिसले नाहीत की आवाजानेच सगळं सांगावं लागतं, आणि खरी कसोटी तीच. जोडणी करताना क्रम पाळा : आधी सगळ्या वायरी आणि माइक जोडायचे, आवाजाची बटणं शून्यावर, अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू. बंद करताना उलटं, अॅम्प्लिफायर सर्वांत आधी बंद, म्हणजे स्पीकरमध्ये धाडकन आवाज होत नाही. माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की शिट्टी वाजते, तेव्हा माइक स्पीकरच्या मागे ठेवा. तोंडापासून वीतभर आणि जरासा तिरपा धरला की प, फ, भ ही अक्षरं फटकारत नाहीत. मुलाला त्याच्या नेहमीच्या आवाजात चार वाक्यं बोलायला लावून मगच आवाज ठरवा. 'हॅलो, माइक टेस्टिंग' ओरडून ठरवलेला आवाज नंतर हमखास कमी पडतो, कारण खरं बोलताना मूल घाबरून हळू बोलतं.

एका मुलाकडे फक्त घड्याळ द्या, एकाकडे मोबाइलवरचं गाणं, आणि गाणं सुरुवातीच्या नेमक्या जागी आणून ठेवायला सांगा. मध्ये तीन सेकंद शांतता पडली तरी मैदानातली मुलं वर बघायला लागतात. तीन सेकंद किती मोठे असतात, ते त्या दिवशी कळतं. निवेदन करणाऱ्या मुलीला हातात लिहिलेला कागद असू द्या, पण कागद सळसळतो, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवून द्या. घरी पालकांनीही हे करून बघायला हरकत नाही. स्वयंपाकघरात एक, बाहेरच्या खोलीत बाकीचे, आणि आज गावात काय काय झालं त्याच्या पाच खऱ्या बातम्या. पाचही बातम्या कुठून कळल्या ते मात्र मुलाला सांगता आलं पाहिजे.

आणि बातम्यांवरून आठवलं. काँग्रेस रेडिओवर काय काय बोललं गेलं, ते आज आपल्याला बरंचसं वाचायला मिळतं, ते कुणामुळे? ज्यांनी तो रेडिओ बंद पाडला त्यांच्यामुळेच. पोलीस रोज ऐकून सगळं टिपून घेत होते, खटल्यासाठी ते कागद नीट ठेवले गेले, आणि संशोधकांनी ते पुढे अभिलेखागारातून बाहेर काढले. उषा ठक्कर यांचं काँग्रेस रेडिओवरचं इंग्रजी पुस्तक याच नोंदींच्या आधारे उभं आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवता आलं तर मागवा, वरच्या वर्गांना त्यातले भाग वाचून दाखवता येतील.

दरवर्षी ९ ऑगस्टला उषाबेन गवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, अभिवादनाला जात. २००० सालीही अंगात ताप असताना त्या गेल्या. घरी परतल्या त्या थकून. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्या गेल्या. वय ८० वर्षं.